नाइट

१. नाइट : जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘मुलगा, चाकर’, पुढे तो सरदाराच्या पदरी असलेल्या घोडेस्वार योद्ध्याला लागला. ग्रीकमधला प्रतिशब्द ‘इप्पोतिस’ थेट ‘इप्पोस’ म्हणजे घोडा यावरून आला आहे. मराठीत जवळचा शब्द ‘शिलेदार’ : स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन चाकरीस येणारा स्वार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिवाजी महाराजांनी भर बारगिरांवर दिला. दर २५ बारगिरांवर एक हवालदार, शिवाय पाण्यासाठी पखालजी आणि घोड्यांसाठी नालबंद. इंग्रजी अमलात ‘नाइट’ हा किताब उरला; रामकृष्ण गोपाळ भांडारकर १९११ साली ‘सर’ झाले ते त्यामुळेच. या पुस्तकात योद्ध्यासाठी ‘शिलेदार’, किताबासाठी ‘सर’ योजले आहे. — संपादक