प्रतिकृतीची मोटार आणि तिचे इंजिन



'नक्कल' हा शब्द आपल्या भाषेत मानाने वापरला जात नाही. परीक्षेतील नक्कल हा गुन्हा आणि बाजारातील नकली माल ही उघड फसवणूक. तेव्हा जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या प्रतिकृती आणि त्यांत बसवावयाची इंजिने हा विषय या व्यासपीठावर कशासाठी, आणि तोही कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने कशासाठी घ्यावा, असे आपणांस वाटल्यास नवल नाही. यंत्रविद्या आम्ही महाविद्यालयात शिकलो नाही. ती फिटर, टर्नर आणि ओतारी यांच्या संगतीत व संध्याकाळच्या वाचनालयात जमेल तशी मिळविली. या शिक्षणाने एक सवय लागली. कोणतेही यंत्र समोर आले की त्यावरच्या नावापेक्षा ते कोणी घडविले, आणि त्याचा कोणता भाग कोणाचा भार वाहतो, हे आम्ही आधी विचारतो. हाच प्रश्न आज एका गाडीला विचारावयाचा आहे. तिचे नाव कोब्रा.

स्पोर्ट्स कार म्हणजे दोन माणसांची, हलकी, बहुधा वरून उघडी व वेगासाठी बांधलेली मोटार. जगात अशा ज्या गाड्यांच्या प्रतिकृती सर्वाधिक झाल्या, त्यांत कोब्राचे स्थान फार वरचे आहे. अस्सल कोब्रा १९६२ ते १९६७ या काळात सुमारे एक हजार झाल्या. प्रतिकृतींची संख्या त्याहून कितीतरी पटींनी अधिक आहे. ज्याला आज प्रतिकृती घ्यावयाची आहे त्याच्यापुढे पहिला प्रश्न येतो तो इंजिनाचा. बाह्य घाट ठरलेलाच असतो, इंजिन मात्र निवडावे लागते. ही निवड कशी करावी, हे अस्सल कोब्राचाच इतिहास उत्तम शिकवितो.

इंग्लंडात सरे परगण्यात टेम्स डिटन नावाचे गाव आहे. तेथे ए. सी. या कंपनीचा कारखाना होता. कारखाना लहान, परंतु कामे नाना तऱ्हेची. ज्या कंपनीने शर्यतीच्या गाड्या बांधल्या तिनेच अपंगांसाठी सरकारला तीनचाकी गाड्या पुरविल्या. १९५३ साली या कंपनीने 'एस' नावाची गाडी लोकांपुढे आणली. तिचा सांगाडा जॉन टोजेरो यांच्या आराखड्यावर बेतलेला होता. तीन इंच व्यासाच्या दोन पोलादी नळ्या लांबीने समांतर, आणि पुढे व मागे आडवे पाटे, एवढी साधी त्याची रचना. वर हाताने ठोकून वळविलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. हा घाट इटलीतील फेरारी १६६ या उघड्या गाडीच्या घाटाशी इतका मिळता होता की त्याचे मूळ शोधावे लागत नाही. म्हणजे आज जिची जगभर नक्कल होते तिचा पूर्वजच दुसऱ्याच्या रूपावर बेतलेला होता!

इंजिनाची कथाही तशीच आहे. 'एस'मध्ये प्रथम कंपनीचे स्वतःचे सहा सिलिंडरांचे १९९१ सी. सी.चे इंजिन होते. त्याची रचना जॉन वेलर यांनी १९१९ च्या सुमारास केलेली. गाडी नवी, पण तिचे काळीज चौतीस वर्षांचे! १९५६ पासून ब्रिस्टल कंपनीचे १९७१ सी. सी.चे इंजिनही मिळू लागले. ब्रिस्टल ही मूळची विमाने बांधणारी कंपनी. आणि तिचे हे इंजिन जर्मनीतील बी. एम. डब्ल्यू. ३२८ या १९३६ च्या गाडीच्या इंजिनावरून घेतलेले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते आराखडे इंग्लंडात आले होते. पुढे ब्रिस्टलने आपल्या गाड्यांसाठी मोठे अमेरिकन इंजिन पत्करले, तेव्हा ए. सी.ने १९६१ मध्ये फोर्ड झेफिर या घरगुती गाडीचे २.६ लिटरचे इंजिन बसवून पाहिले. एकाच सांगाड्यावर तीन इंजिने येऊन गेली होती आणि चौथे अजून यावयाचे होते.

ते आणले कॅरोल शेल्बी या टेक्सासच्या माणसाने. १९५९ साली रॉय साल्व्हाडोरी यांच्यासह त्याने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. हृदयविकारामुळे १९६० मध्ये त्याला शर्यती सोडाव्या लागल्या. सप्टेंबर १९६१ मध्ये त्याने ए. सी.ला पत्र लिहून विचारले की तुमच्या सांगाड्यावर अमेरिकन आठ सिलिंडरी इंजिन बसेल काय? त्याच सुमारास फोर्ड कंपनीने एक नवे व्ही-८ इंजिन काढले होते. ते बिडाचेच होते, परंतु त्याच्या ओतीव भिंती पातळ असल्याने जुन्या व्ही-८ इंजिनांहून बरेच हलके झाले होते. बिडाच्या भिंती जाड ठेवतात, त्याचे एक मोठे कारण म्हणजे ओतताना साच्यातील कोअर जागचा हलण्याची भीती. कोअर नेमका बनला व नेमका बसला तरच भिंत पातळ करता येते. इंजिनाचे श्रेय इतिहासात आराखडा काढणाऱ्याच्या नावे लिहिले जाते; परंतु शेल्बीची कल्पना जमली ती फाउंड्रीतल्या नेमकेपणामुळे, हे आम्हांस आवर्जून सांगावेसे वाटते.

१९६२ च्या आरंभी पहिली कोब्रा उभी राहिली. गाड्या इंग्लंडात इंजिनाशिवाय तयार होऊन अमेरिकेस जात, आणि तेथे त्यांत इंजिन व गिअरबॉक्स बसविले जाई. प्रथमचे इंजिन २६० घनइंचांचे, म्हणजे सुमारे ४.२ लिटरचे होते. पंचाहत्तर गाड्यांनंतर २८९ घनइंचांचे, ४.७ लिटरचे आले. ब्रिस्टल इंजिनाची शक्ती सुमारे १२५ अश्वशक्ती. नव्याची तिच्या दुप्पट. म्हणून केवळ इंजिन बदलून भागले नाही. मागचा डिफरन्शियल अधिक दणकट घ्यावा लागला आणि १९६३ मध्ये स्टिअरिंगची रचना बदलावी लागली. शक्ती वाढली की तिचा ताण साखळीतल्या प्रत्येक कडीवर येतो, आणि सर्वांत कच्ची कडी आधी तुटते. कारखान्यात उत्पादन दुप्पट करा म्हणून वरून हुकूम येतो तेव्हा यंत्रावरच्या माणसाला हे न शिकविता कळते.

पुढचा धडा अधिक मोलाचा आहे. शर्यतीत प्रतिस्पर्ध्यांवर मात करण्यासाठी ४२७ घनइंचांचे, म्हणजे सात लिटरचे इंजिन त्याच सांगाड्यात घालून पाहण्यात आले. ही गाडी १९६४ साली सेब्रिंग येथे केन माईल्स यांनी चालविली. सरावात ती झाडावर आदळली, आणि दुरुस्त करून शर्यतीत उतरविली तेव्हा तिचे इंजिन निकामी झाले. सांगाडा व इंजिन यांचे जमत नव्हते. मग फोर्डच्या साहाय्याने सांगाडाच नवा केला. नळ्या तीनऐवजी चार इंची, आडव्या पाट्यांच्या जागी गुंडाळीच्या स्प्रिंगा, आणि रुंद टायर सामावण्यासाठी फुगलेले मडगार्ड. १९६५ ची ही रुंद कोब्रा सर्वांच्या डोळ्यांत भरली. परंतु मान्यतेसाठी लागणाऱ्या शंभर गाड्या वेळेत पुऱ्या झाल्या नाहीत, आणि त्या वर्षीचे जागतिक विजेतेपद शेल्बीला मिळाले ते लहान २८९ इंजिनाच्या, जुन्याच पाट्यांच्या सांगाड्यावर बांधलेल्या बंद टपाच्या 'डेटोना' गाड्यांमुळे. म्हणजे मान लहान इंजिनाने मिळविला आणि कीर्ती मोठ्याला मिळाली. इतकेच नव्हे, तर रस्त्यावर वापरण्यासाठी विकलेल्या त्या रुंद गाड्यांपैकी कित्येकींत ४२७ ऐवजी ४२८ घनइंचांचे, मोठ्या प्रवासी गाड्यांसाठी बनविलेले, अधिक स्वस्त इंजिन होते. आकड्यात एकाचा फरक, पण इंजिन निराळे.

आता प्रतिकृतींकडे वळू. बहुतेक सर्व प्रतिकृती या १९६५ च्या रुंद घाटाच्या आहेत. त्यांचा टप बहुधा फायबरग्लासचा असतो आणि खाली दुसऱ्या एखाद्या चालू गाडीचे भाग असतात. इंग्लंडात पूर्वी जग्वार गाडीचा पुढचा-मागचा भाग घेण्याची रीत होती. अमेरिकेत १९९५ मध्ये स्थापन झालेल्या फॅक्टरी फाइव्ह कंपनीने फोर्ड मस्टँगचे भाग वापरून घरी जोडण्याचे संच विकले. त्याच दशकात कर्कहॅम नावाच्या अमेरिकन कंपनीने पोलंडमधील मिएलेत्स येथे ॲल्युमिनियमचे टप बनवून घेण्यास आरंभ केला. तेथील कारखान्यात पूर्वी मिग विमाने तयार होत. शीतयुद्ध संपले, विमानांची मागणी आटली, आणि पत्रा वळविणारे कसबी हात रिकामे झाले. त्या हातांनी जो पत्रा ठोकला तो टेम्स डिटनच्या पत्र्याहून कमी अस्सल कसा म्हणावा?

तर अशा गाडीसाठी इंजिन निवडावे कसे? मोठा आकडा ऐकून निवडणारे पुष्कळ असतात. आमच्या मते प्रश्नांचा क्रम उलटा हवा.

पहिला प्रश्न सांगाड्याला विचारावा. तो कोणत्या इंजिनासाठी बांधला आहे? गिअरबॉक्स व मागचा आस किती पीळ सोसेल, ब्रेक किती वेग आवरतील? दुसरा प्रश्न वजनाचा. जेमतेम एक टन भरणाऱ्या गाडीत पुढे शंभर किलो अधिक चढले तर ती सरळ रस्त्यावर कदाचित पळेल, पण वळणावर नाक बाहेर काढील. या कारणाने इंग्लंडात रोव्हरचे साडेतीन लिटरचे ॲल्युमिनियमचे व्ही-८ इंजिन फार चालले. हे इंजिन मूळ अमेरिकेतील ब्यूइक कंपनीचे, १९६१ चे. १९६३ नंतर तिने ते टाकून दिले, १९६५ मध्ये रोव्हरने हक्क विकत घेतले, आणि १९६७ पासून पुढे कित्येक दशके ते चालले. त्याचा आवाज व्ही-८ चा आणि भार हलका. ज्याला मूळ वंशाशी नाते राखावयाचे आहे त्याने फोर्डचे ३०२ घनइंची इंजिन पाहावे. १९६८ चे हे इंजिन २८९ चेच पुढचे भावंड आहे. ज्याला नव्या काळाची शक्ती हवी त्याला जनरल मोटर्सचे १९९७ पासूनचे एल. एस. जातीचे ॲल्युमिनियमचे इंजिन मिळते. मात्र त्याच्याबरोबर विजेच्या तारांचे जाळे आणि नियंत्रक पेटीही सांभाळावी लागते. सात लिटरचे जड इंजिन घ्यावयाचेच असेल तर सांगाडा, आस, ब्रेक आणि रेडिएटर सर्व त्या मापाचे हवेत. सेब्रिंगला जे जमले नाही ते घराच्या गॅरेजात जमेल असे मानू नये.

तिसरा प्रश्न गावाला विचारावा. इंजिन बिघडले तर ते कोण उघडील, आणि भाग कोठे मिळतील? याचे उदाहरण आपल्या कोकणातच आहे, आणि ते कोब्राहून निराळ्या, साध्या गाडीचे आहे. १९५७ साली इंग्लंडात कॉलिन चॅपमन यांनी लोटस सेव्हन ही अगदी हलकी गाडी काढली. तयार मोटारीवर तेथे खरेदीकर होता, सुट्या भागांच्या संचावर नव्हता. म्हणून पुष्कळांनी ती संच घेऊन घरीच जोडली. मालकाने स्वतः केलेल्या श्रमावर सरकारने कर घेतला नाही, असा याचा अर्थ. १९७३ मध्ये नव्या मूल्यवर्धित कराने ही सवलत संपली, आणि त्याच वर्षी लोटसने ती गाडी केटरहॅम कंपनीकडे सोपविली. तिच्याच धर्तीची उघडी गाडी पुढे चिंकारा कंपनीने अलिबागजवळ बनविली, आणि तिच्यात बसविले इसुझूचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन, म्हणजे आपल्या अँबेसडरमध्ये असे त्याच कुळातले. परदेशी शौकिनास हे गमतीचे वाटेल. आम्हांस त्यात शहाणपण दिसते. हलक्या गाडीला मोठी शक्ती लागत नाही, आणि जे इंजिन टॅक्सीच्या मिस्त्रीने शंभर वेळा उघडले आहे, त्याच्यापुढे ती गाडी कधी परकी होत नाही.

चौथा प्रश्न कायद्याचा. ब्रिटनमध्ये अशा एकेका गाडीची स्वतंत्र परीक्षा होते. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदलेल्या गाडीत मनास येईल तसा बदल करू देत नाही. कित्येकांना हा जाच वाटतो. परंतु रस्ता एकट्या मालकाचा नाही. ब्रेक अपुरे पडले तर समोरून येणारा सायकलवाला त्याची किंमत देतो.

राहिला प्रश्न अस्सल आणि नकलीचा. कोब्राचा घाट इटलीकडे पाहून, सांगाडा इंग्लंडचा, इंजिन अमेरिकेचे आणि कल्पना टेक्सासच्या आजारी शर्यतवाल्याची. अनेकांच्या कामाची ती जुळणी होती, आणि जुळणी नीट झाली म्हणून ती गाडी थोर ठरली. प्रतिकृती ही त्या जुळणीची पुनरावृत्ती आहे. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. लाज आहे ती खोट्या पाटीत, आत साडेतीन लिटर असता बाहेर ४२७ लिहिण्यात, किंवा काल ओतलेल्या टपाला १९६५ चा म्हणून विकण्यात. ज्याने ती गाडी खरोखर घडविली त्या कारागिराचे नाव त्या पाटीखाली पुसले जाते. आणि दुसऱ्याच्या श्रमावर आपले किंवा तिसऱ्याचेच नाव लावणे, याच्याविरुद्ध तर आम्ही जन्मभर भांडत आलो. म्हणून प्रतिकृती जरूर घ्यावी, सांगाड्यास पेलेल तेच इंजिन तिच्यात बसवावे, आणि कोणी विचारले तर ते कोणाचे व केव्हाचे हे मोकळेपणाने सांगावे.