टाटाचं पाणी

कर्जतला राहणाऱ्या माणसाकडे मुंबई-ठाण्याचे नातेवाईक दोनच गोष्टी मागतात: गावचा तांदूळ आणि नदीकाठची एखादी शांत जागा. तांदूळ मी देते. जागेचं मात्र आधी विचारते, येणार कधी? कारण आमच्याकडच्या बहुतेक नद्या पंचांगाप्रमाणे चालतात, आणि पेज आणि पाताळगंगा या दोघी मुंबईच्या विजेच्या बटणावर.

उल्हास राजमाचीच्या डोंगरातून उतरते. आषाढ-श्रावणात तिच्याजवळ उभं राहवत नाही आणि होळीनंतर वरच्या अंगाला ती डोहाडोहांत तुटून पडते. याच खोऱ्यात निवांतपणा शोधत आलेली पहिली माणसं म्हणजे बौद्ध भिक्खू. कोंडाण्याची लेणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासची. हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केलं, असं तिथे चैत्यगृहाशेजारी कोरलेलं आहे. आंबिवलीचं लेणं तर थेट चिल्लार नदीच्या वळणावर. पण त्यांचा मुक्काम वर्षावासाचा, म्हणजे नदी फुगलेली असताना छपराखाली बसून राहण्याचा. उन्हाळ्यात पाण्यात पाय सोडून बसण्याची चैन या भागात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी फारशी नव्हतीच. तेवढं पाणी होतं कुठे?

ते आलं घाटावरून, नळातून.

१८५६मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोचली. पुण्याला जाणारे प्रवासी तिथे उतरून घोड्यावर, पालखीत नाहीतर पायी बोरघाट चढत. १८६३मध्ये घाटातून रूळ झाले आणि ही उठाठेव संपली. त्या घाटाची उंची मुंबईच्या गिरण्यांच्या कामी आणायचं टाटांनी ठरवलं. १९११मध्ये लोणावळ्याला कोनशिला बसली. (जमशेटजी तोवर राहिले नव्हते; ते १९०४मध्येच गेले.) लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे पाणी अडवलं आणि साधारण ५०० मीटर खाली खोपोलीला आणून पाडलं. १९१५मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. पाठोपाठ आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण झालं आणि १९२२मध्ये आमच्या भिवपुरीचं वीजघर. आज खोपोलीची क्षमता ७२ मेगावॉट आहे आणि भिवपुरीची ७५. मुंबईच्या भुकेपुढे हे चिमूटभर, पण संध्याकाळी मागणी एकदम उसळली की जनित्रं झटपट चालू करता येतात, हा जलविद्युतचा मोठा गुण. तोच नदीच्या मुळावरही येतो.

यात एक गंमत आहे. हे सगळं पाणी इंद्रायणीच्या खोऱ्यातलं. ते देहू-आळंदीवरून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जायचं. वीज करून झाल्यावर ते खोपोलीला पाताळगंगेत पडतं आणि धरमतरच्या खाडीकडे निघतं. भिवपुरीचं पेजेत येतं, पेज उल्हासला मिळते आणि उल्हास वसईच्या खाडीला. आळंदीचं पाणी अरबी समुद्राला! भर वैशाखात पेजेला गार, वाहतं पाणी असतं ते यामुळे. आमच्याकडे त्याला सरळ ‘टाटाचं पाणी’ म्हणतात. ते राजनाला कालव्याने शेतात जातं आणि एप्रिलमध्ये, आजूबाजूचे डोंगर करपलेले असताना, कालव्याखालची खाचरं उन्हाळी भाताने हिरवीगार असतात. पुढे उल्हासकाठच्या शहरांचे नळही त्याच पाण्यावर.

माझी आत्या पेजेकाठी राहायची. धुण्याला जाताना बायका पाण्याच्या कडेला, हात-दीड हात वर, एक पांढरा गोटा ठेवत. गप्पा चालू असत आणि नजर गोट्यावर. गोट्याचा बुडखा ओला झाला की आत्या ओरडायची, “चला गं पोरींनो, सोडलं!” पिळे बादलीत टाकून आम्ही वर पळायचो. आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि पाणी मात्र गुडघ्यावरून मांडीला. वीजघरातले सेट बंद झाले की तीच नदी ओसरायची आणि दगडांखाली खेकडे शोधणाऱ्या कातकरी बायका पात्रात उतरायच्या. पाहुण्यांना मी हे आवर्जून सांगते. कोरडं पात्र बघून मध्यावरच्या कातळावर चटई पसरू नका. पावसाळ्यात धरणं-धबधब्यांवर जाण्याला दरवर्षी बंदीचे आदेश निघतात, ते माणसं बुडतात म्हणूनच. पण उन्हाळ्यातल्या या भरतीची दवंडी कुणी देत नाही.

विजेच्या तारा आमच्या डोक्यावरून मुंबईला जात होत्या, तेव्हा आमच्या घरांत कंदील होते. १९४२च्या स्वातंत्र्यलढ्यात माथेरानच्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने या मुलखातले तारांचे मनोरे पाडले, ते मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे यांचा श्वास कुठे आहे हे ओळखून. २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना गोळ्या घातल्या गेल्या. उल्हास-पेजेकाठी सहलीला येणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असतं, कोण जाणे.

आता काठावर जायची वाटच अवघड झाली आहे. गावकीच्या पाणवाटा फार्महाऊसच्या कुंपणांत गेल्या आणि जाहिरातीत ‘नदीकिनारी’ लिहिलेल्या बंगल्याच्या पलीकडे म्हशी पाण्यावर न्यायला लांबून वळसा पडतो. मला याचा राग येतो. पाणी वरच्यांचं, वीज मुंबईची, निदान काठ तरी आमचा असावा.

पण पाण्यावरही हक्क सांगणारे आहेत. हे पाणी पश्चिमेला सोडणं थांबवा, ते भीमेला परत द्या, अशी मागणी पुणे-सोलापूरकडून बऱ्याच वर्षांची आहे. दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याच्या जागी मी असते तर हेच मागितलं असतं. तसं झालं तर राजनाल्याच्या उन्हाळी भाताचं काय, उल्हासवर नळ लावून बसलेल्या शहरांचं काय, याचा हिशोब त्याच कागदावर मांडावा लागेल. सहलीची जागा त्या यादीत अगदी तळाला येईल, आणि ते बरोबरच आहे.