खोताची वाडी

दक्षिण मुंबईत गिरगावात, जगन्नाथ शंकरशेट रस्त्यालगत असलेली जुनी निवासी वस्ती. सेंट तेरेसा चर्चसमोरच्या गल्लीतून आत शिरले की रस्त्याचा गोंगाट मागे पडतो आणि कौलारू, दुमजली घरांचे एक गावच लागते. जवळचे रेल्वे स्थानक चर्नी रोड.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ही जमीन दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांची होती. नारळी-पोफळीच्या वाड्यांचा हा परिसर. फणसवाडी, कांदेवाडी ही शेजारची नावेही त्याच काळातली. खोतांनी जमिनीचे तुकडे पाडून ते मुख्यतः ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले. हे मुंबई, साष्टी, वसईकडचे मूळ रहिवासी. पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झाले, पण घरची बोली मराठीच राहिली. ईस्ट इंडियन हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी घेतले.

वाडीचे खरे वैभव तिची घरे. गल्लीकडे तोंड करून मोकळा ओटा, त्यावर लाकडी खांब, कोरीव कठडा, आणि बाहेरूनच वर चढणारा लाकडी जिना. त्यामुळे वरच्या मजल्याला स्वतंत्र वाट मिळते. ओट्यावर बसलेल्या माणसाशी गल्लीतून जाणारा सहज बोलू शकतो, इतके सारे जवळजवळ. गिरगाव म्हटले की चाळीच आठवतात, आणि ते साहजिक आहे: १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू करणारी केशवजी नाईक चाळ इथून हाकेच्या अंतरावर आहे. पण स्वतःचा ओटा असलेले हे दुसरे गिरगावही तितकेच अस्सल आहे.

वाडीतले छोटे प्रार्थनास्थळ १८९९ सालचे. प्लेगच्या साथीतून वाचल्याची कृतज्ञता म्हणून ते उभारले गेले. मासळीच्या जेवणासाठी नावाजलेली अनंताश्रम ही खाणावळही इथलीच. ती आता बंद झाली आहे.

एके काळी इथे सुमारे ६५ घरे होती; आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. मुंबईच्या १९९५ च्या वारसा यादीत वाडीची नोंद आहे, तरी मधूनमधून इमारती उठल्याच. घरे खासगी मालकीची; लाकूड आणि कौलांच्या डागडुजीचा भार मालकावरच पडतो, वारसांची संख्या वाढते आणि बिल्डरचा प्रस्ताव समोर असतो. दुरुस्तीसाठी पैशांची भक्कम सोय झाल्याशिवाय नुसत्या नोंदीने ही घरे टिकणार नाहीत.