अंगण झालेले रस्ते

नेदरलँड्स म्हटले की सायकली आठवतात. पण महायुद्धानंतर तेथेही मोटारींनी सायकलींना कडेला ढकलले होते. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत ३००० हून अधिक माणसे दगावली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. विक लांगेनहोफ या पत्रकाराची मुलगी अशीच गेली. १९७२ साली त्यांनी लेख लिहिला. मथळा होता, 'बालहत्या थांबवा'. याच नावाने पुढे चळवळ उभी राहिली.

डेल्फ्ट शहरात एक प्रयोग आधीच चालू होता. योस्ट व्हाल या अभियंत्याने गल्लीतला सरळ रस्ताच मोडला. पदपथ आणि रस्ता एका पातळीत आणले. मध्ये झाडे, वळणे, उंचवटे. पाटी वाचून वेग कमी करणारे चालक थोडेच; रस्ता वाकडा असला की मात्र करावाच लागतो! १९७६ साली अशा 'वोनएर्फ'ला, म्हणजे वस्तीच्या अंगणाला, कायद्याची मान्यता मिळाली. तेथे मुलांनी रस्त्यात खेळावे आणि मोटारीने माणसाच्या चालीने जावे.

वेगावर एवढा भर का? आपण हिशोब करू. पाय ब्रेकवर जाण्यास १ सेकंद आणि मंदन ७ मीटर प्रति सेकंद वर्ग धरू. ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी सुमारे १३ मीटरांत पूर्ण थांबते. ताशी ५० किलोमीटरची गाडी ब्रेक लागण्यापूर्वीच जवळजवळ १४ मीटर गेलेली असते. चेंडूमागे धावत आलेले मूल १४ मीटरांवर असेल, तर पहिली गाडी त्याच्यापाशी थांबते; दुसरी पुऱ्या वेगाने आदळते. ही अंतरे शाळेच्या मैदानावर फक्कीने आखून पाहता येतील.