घरच्या डीव्हीडीची कुळकथा

शाळेच्या कपाटात जुन्या स्नेहसंमेलनांच्या डीव्हीडी बहुधा असतातच. त्यांतली एखादी संगणकावर व्यवस्थित लागते, टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये मात्र ‘डिस्क नाही’ असा संदेश येतो. दुसरी नेमकी उलट वागते. आपण ओरखड्यांना दोष देतो, तबकडी पुसतो आणि पुन्हा घालतो. पण ओरखडा नसलेली तबकडीही अशी का वागते, हे समजून घ्यायचे तर १९९५ ते २००२ या काळाकडे वळायला हवे.

१९९५ च्या आरंभी दोन प्रतिस्पर्धी तबकड्या तयार होत होत्या. एक सोनी आणि फिलिप्स यांची, दुसरी तोशिबा आणि तिच्या साथीदारांची. व्हीएचएस आणि बीटामॅक्स या कॅसेटींच्या भांडणात ग्राहक कसा भरडला गेला होता, हे सर्वांच्या स्मरणात होते. आयबीएमसह संगणक कंपन्यांनी एकाच तबकडीचा आग्रह धरला आणि त्याच वर्षी तडजोड झाली. ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवण्याची कल्पना तोशिबाच्या गटाची, तर माहिती खळग्यांत मांडण्याची सांकेतिक पद्धत सोनी-फिलिप्सची. नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये पहिले प्लेअर विक्रीस आले.

हा समझोता होता कारखान्यात छापलेल्या तबकडीपुरता. घरी मुद्रण करायच्या तबकडीबाबत तो टिकला नाही. पायोनियरने १९९७ मध्ये डीव्हीडी-आर आणली. तिच्यावर एकदाच लिहिता येई. १९९८ मध्ये डीव्हीडी-रॅम आली. १९९९ च्या अखेरीस पायोनियरने जपानमध्ये टीव्हीला जोडायचा रेकॉर्डर आणला, तो पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आरडब्ल्यू तबकडीवर चाले. सोनी, फिलिप्स आणि ह्युलेट-पॅकार्ड यांनी १९९७ मध्येच वेगळी वाट धरली होती. त्यांची ‘अधिक’ चिन्हाची आरडब्ल्यू तबकडी २००१ मध्ये आणि एकदाच लिहायची ‘अधिक’ आर २००२ मध्ये बाजारात आली. म्हणजे पाच वर्षांत पाच जाती! आमच्या मते हे भांडण कॅसेटींच्या भांडणापेक्षाही त्रासाचे होते. बीटामॅक्सची कॅसेट व्हीएचएस यंत्रात शिरतच नसे, त्यामुळे चूक दारातच कळे. या पाचही तबकड्या मात्र १२ सेंटिमीटर व्यासाच्या. यंत्र तबकडी आत घेई आणि मगच नाही म्हणे.

प्लेअरची अडचण काय होती? छापील तबकडीत खळगे असतात आणि त्यांवर अ‍ॅल्युमिनियमसारख्या धातूचा थर. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर किरण त्यावरून परावर्तित होतो. एकपदरी छापील तबकडी ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत पाठवते. डीव्हीडी-आरमध्ये खळगे नसतात, रंगद्रव्याचा थर असतो. लेसरने त्यावर डाग पडतात, तरी परावर्तन छापील तबकडीइतपत राहते. आरडब्ल्यू तबकडीत एक मिश्रधातू असतो. लेसरच्या उष्णतेने तो कधी स्फटिकी तर कधी अस्फटिकी होतो. त्याचे परावर्तन १८ ते ३० टक्केच, आणि दुपदरी छापील तबकडीचेही तेवढेच! त्यामुळे काही जुने प्लेअर आरडब्ल्यू तबकडीला दुपदरी समजून दुसरा पदर शोधत बसत. पुढे ‘अधिक’ गटाच्या काही ड्राइव्हनी यावर एक युक्ती काढली. तबकडीच्या आरंभी तिची जात लिहिलेली असते, तिथे सरळ ‘मी छापील आहे’ असे लिहायचे. या नामांतराने बरेच प्लेअर फसत आणि चित्र दाखवू लागत.

दुसरी गोष्ट संपादनाची. डीव्हीडीवरील चित्र एमपीईजी-२ पद्धतीने दाबून लहान केलेले असते. आपल्याकडे सेकंदाला २५ चित्रे दिसतात, पण ती सगळी पूर्ण साठवलेली नसतात. साधारण १२ ते १५ चित्रांच्या गटात एकच पूर्ण चित्र असते, बाकीच्यांत शेजारच्या चित्रांहून काय बदलले एवढीच नोंद. गटाच्या मध्येच कात्री लावली तर पुढच्या चित्रांचा आधार जातो. म्हणून काप अर्धा सेकंद मागेपुढे सरकवावा लागतो, नाहीतर तेवढा तुकडा नव्याने दाबावा लागतो. दर वेळी थोडी स्पष्टता कमी होते.

घरी सोपे संपादन करता यावे म्हणून ‘व्हीआर’ नावाची मुद्रणपद्धत निघाली. तिच्यात मूळ मुद्रणाला हात न लावता कोणता भाग कोणत्या क्रमाने दाखवायचा याची फक्त यादी बदलायची. डीव्हीडी-रॅमवर तर हे फारच सुखाचे, कारण तिच्यावर सुमारे एक लाख वेळा लिहिता येते. आरडब्ल्यूवर सुमारे हजार वेळा. पण व्हीआरची यादी जुन्या प्लेअरला वाचताच येत नसे, आणि रॅम तबकडी तर बहुतेक प्लेअर ओळखतच नसत. थोडक्यात, जी तबकडी संपादनाला सोयीची ती दुसऱ्याच्या घरी चालेना. जी सगळीकडे चाले, तिच्यात नंतर बदल करणे अवघड.

सगळीकडे चालण्यासाठी आणखी एक पायरी होती : ‘फायनलाइज’ हे बटण. मुद्रण सुरू असताना रेकॉर्डर स्वतःपुरत्या कच्च्या नोंदी ठेवतो. हे बटण दाबले की तबकडीचा आरंभ, शेवट आणि अनुक्रमणिका पक्की लिहिली जाते. वेळ वाचवण्यासाठी किंवा पुढे आणखी मुद्रण करायचे म्हणून ही पायरी राहून गेली, तर ती तबकडी फक्त त्याच रेकॉर्डरवर दिसे. तो रेकॉर्डर आज भंगारात गेलेला असतो. शिवाय रंगद्रव्य प्रकाशाने आणि उष्णतेने विटत जाते. उन्हाच्या खिडकीजवळचे कपाट या तबकड्यांना मानवत नाही.

तरीही अशी तबकडी टाकून देऊ नये. अनुक्रमणिका नसली तरी चित्रे तिथेच असतात. डीव्हीडीवरील माहिती २०४८ बाइटच्या तुकड्यांत असते आणि चित्र-ध्वनीचा प्रत्येक तुकडा ठरावीक चार बाइटांनी सुरू होतो : शून्य, शून्य, एक आणि १८६. संगणकाच्या ड्राइव्हला नुसते तुकडे वाचता आले, तर ही खूण शोधत जाणारे सॉफ्टवेअर मूळ मुद्रण पुन्हा जुळवू शकते. एक ड्राइव्ह वाचेना तर दुसऱ्या कंपनीचा लावून पाहावा, कारण लेसरची आणि वाचनयंत्रणेची जुळणी प्रत्येकात थोडी वेगळी असते. तबकडी वाचली गेली की प्रथम सगळे तुकडे जसेच्या तसे संगणकावर उतरवून ठेवावेत. कापाकापी करायची ती नंतर, त्या प्रतीवर.