पेन्शन : मेहेरबानी की हक्क?

वडोदऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत मूळपुरुषाची गोष्ट विचारली, तर ती बहुधा दोनपैकी एका वाटेने जाते. कोणी पिलाजीराव-दमाजीरावांच्या फौजेबरोबर घोड्यावर आला, नाहीतर कोणी सयाजीरावांच्या काळात चार इयत्ता शिकून कोकणातून, देशावरून कारकुनीसाठी आला. पण आलेला माणूस म्हातारपणी गावाकडे परत का गेला नाही, हे फारसं कोणी विचारत नाही. माझ्या मते त्याचं मोठं कारण म्हणजे सरकारी तिजोरीतून मिळणारी नेमणूक किंवा पेन्शन. तिच्यावर दांडिया बाजारात, रावपुऱ्यात कितीतरी चुली पेटत राहिल्या, मुली उजवल्या गेल्या, मुलं शिकली. पुण्याला लोक पेन्शनरांचं गाव म्हणतात, पण आपलं वडोदरंही त्या बाबतीत मागे नव्हतं.

ही रक्कम मालकाची मेहेरबानी, की नोकराची कमाई? ऐकायला हा प्रश्न कचेरीतला वाटतो. पण त्याच्यापायी एक बंड पेटायला हातभार लागला, कज्जे दिल्लीपर्यंत गेले, आणि आजही तो मिटलेला नाही.

सुरुवात शिवाजी महाराजांपासून करावी लागते. १६५९ साली अफझलखानाचा वध झाला. त्यानंतर महाराजांनी काय केलं, याचं वर्णन सभासदाने आपल्या बखरीत दिलं आहे. जखमी झालेल्यांना माणूस आणि जखम पाहून पंचवीस, पन्नास, शंभर, दोनशे होन दिले. जे पडले त्यांच्या मुलांना चालवण्याची आज्ञा केली. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकोला निम्मं वेतन बांधून दिलं. आजच्या भाषेत सांगायचं तर अपंगत्वाची भरपाई, वारसाला नोकरी आणि कुटुंब पेन्शन ही तिन्ही कलमं तिथे आली. विधवेचं निम्मं वेतन वाचकांनी लक्षात ठेवावं, पुढे त्याचं काम आहे. पेशव्यांच्या कागदांत लढाईत पडलेल्यांच्या मुलाबाळांसाठी लावलेल्या नेमणुकीला ‘बालपरवेशी’ असा शब्द येतो. किती मायेचा शब्द आहे! आपल्याकडे मात्र तो साफ विसरला गेला.

पण माया वेगळी आणि हमी वेगळी. राजा चांगला तर नेमणूक चालू, राजा बदलला किंवा खजिना रिकामा झाला की बंद. गायकवाडी राज्यात याचा इलाज म्हणून एक चमत्कारिक पद्धत पडली होती, बांहेधरी. बांह धरणं म्हणजे जामीन राहणं. सरकारने दिलेला शब्द सरकार पाळेल, याला तिसरा माणूस जामीन राही. अठराव्या शतकाच्या शेवटी हे जामीन म्हणजे वडोदऱ्यातल्या अरब पलटणींचे जमादार होते. १८०२ मध्ये कंपनी सरकारच्या फौजेने अरबांना शहरातून काढलं, त्यांची थकबाकी भागवली गेली, आणि त्यांच्या जागी कंपनी स्वतः बांहेधरी झाली. पुढे याच जामिनकीच्या आडून रेसिडेंट साहेब दरबारच्या कारभारात हात घालत राहिले. म्हणजे नोकराच्या नेमणुकीला भरवसा मिळाला, पण त्याची किंमत राज्याच्या स्वातंत्र्याने मोजली.

इंग्रजांच्या शब्दाचा भरवसा किती, ते ब्रह्मावर्ताला दिसलं. १८१८ च्या जूनमध्ये दुसरे बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले, तेव्हा त्यांना साल आठ लाख रुपये कबूल केले होते. १८५१ मध्ये बाजीराव वारले. दत्तकपुत्र नानासाहेबांनी ती रक्कम पुढे मागितली. त्यांचं म्हणणं, ही नेमणूक राज्याच्या बदल्यात आणि घराण्याच्या निर्वाहासाठी होती. डलहौसीचं म्हणणं, ती एका माणसाच्या हयातीपुरती होती, आणि इतकी वर्षं मिळाली हेच खूप. अजीमुल्लाखान १८५३ मध्ये विलायतेला जाऊन खेटे घालून आला, उपयोग झाला नाही. पुढचं १८५७ सर्वांना माहीत आहे. केवळ पेन्शनीसाठी बंड झालं असं कोणी म्हणू नये, ते नानासाहेबांवर अन्याय करणारं होईल. पण ‘आम्ही देतो तोवर घ्या’ या वृत्तीची चीड त्यात होतीच.

त्या अनुभवानंतर सरकार उदार झालं असेल असं वाटेल. झालं उलट. १८७१ चा तेविसावा कायदा, म्हणजे पेन्शन कायदा, पाहिला की सरकारी मन कसं चालतं ते कळतं. त्याच्या चौथ्या कलमाने पेन्शन आणि सरकारकडून मिळणाऱ्या पैशाच्या वा महसुलाच्या देणग्यांबद्दल दिवाणी कोर्टात दावा लावण्याची वाट अडवली. कलेक्टरने दाखला दिला तरच कोर्टाने दावा ऐकायचा. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचीच परवानगी. इनाम कमिशनने दख्खनमधल्या इनामदारांची कागदपत्रं आधीच तपासून काढली होती, आता त्यांच्या नातवंडांचे कोर्टाचे दरवाजेही ओढून घेतले. मात्र त्याच कायद्याच्या अकराव्या कलमाने पेन्शनरांवर एक उपकारही केला. सावकाराला पेन्शनीवर जप्ती आणता येणार नाही, असं ठरलं. हे संरक्षण आजही आहे. पेन्शनीला सावकारापासून वाचवलं, सरकारपासून नाही.

आता आपल्या वडोदऱ्याकडे येऊ. १ मे १९४९ ला वडोदरा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. संस्थानच्या पायदळातला काही भाग मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेला, कारकून मुंबई सरकारचे झाले. बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० ला, तेच कारकून गुजरात सरकारचे झाले. टेबल तेच, खुर्ची तीच, मालक मात्र तिसरा. ज्याने नोकरी महाराजांची सुरू केली त्याची पेन्शन कोणी द्यायची, हा प्रश्न त्या पिढीला नक्कीच झोपू देत नसेल.

संस्थानांच्या विलीनीकरणाच्या करारांत नोकरांसाठी हमी घातलेली होती. कायम नोकरांच्या अटी आधीपेक्षा वाईट होणार नाहीत, नाहीतर वाजवी भरपाई मिळेल, आणि राजाने मंजूर केलेली पेन्शन चालू राहील. वाचायला छान. पण घटनेच्या ३६३ व्या कलमाने अशा करारांतून निघणारे वाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले. हमी होती, पण ती बजावून घेण्याची जागा नव्हती.

मग हक्क सांगायचा कशाच्या जोरावर? याचं उत्तर ग्वाल्हेरच्या आपल्याच एका मराठी भाईबंदाने मिळवलं, आणि ही हकीकत मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. शिंदेशाहीत ‘एक्कां’ म्हणून ओळखली जाणारी वंशपरंपरागत लष्करी पेन्शनरांची घराणी होती. पूर्वजांनी शिंद्यांची लष्करी चाकरी केली म्हणून वंशजांना दरमहा रक्कम मिळत असे. माधवराव फाळके यांना मिळत होते एकवीस रुपये आठ आणे. ग्वाल्हेर दरबारने १९१२ आणि १९३५ मध्ये कलमबंद्या काढून या देण्याचे नियम घालून दिले होते. पुढे ग्वाल्हेर मध्य भारतात गेलं आणि नव्या सरकारने एका साध्या हुकमाने ही रक्कम बंद केली.

एकवीस रुपये आठ आण्यांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणाऱ्या माणसाला आपण हट्टी म्हणू. वकिलाची फी त्याहून कितीतरी जास्त झाली असणार. पण त्यांनी विचारलेला प्रश्न लाखमोलाचा होता. राजाच्या कलमबंद्या म्हणजे नुसते कचेरीचे हुकूम, की कायदा? हुकूम असतील तर नवा हुकूम काढून रद्द करता येतील. कायदा असतील तर घटनेच्या ३७२ व्या कलमाने ते चालूच राहतात, आणि विधिमंडळाने दुसरा कायदा केल्याशिवाय हलत नाहीत. १९६० मध्ये न्यायालयाने फाळक्यांच्या बाजूने निकाल दिला. एकतंत्री राज्यात राजाचा शब्द हाच कायदा, तिथे हुकूम आणि कायदा असा भेद करता येत नाही, म्हणून कलमबंद्या कायदाच ठरतात, आणि सरकारी हुकमाने त्या मोडता येत नाहीत. राजाची मेहेरबानी लेखी होती, म्हणूनच ती हक्क ठरली. ज्या एकसत्तेच्या जोरावर राजाला मनात येईल तेव्हा देणं बंद करता आलं असतं, तिनेच त्याच्या मागून वंशजांना तारलं, ही गंमत मला फार आवडते.

१९७१ हे साल तर पेन्शनच्या इतिहासात विचित्रच. मे महिन्यात देवकीनंदन प्रसाद विरुद्ध बिहार सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पेन्शन ही खैरात नाही, ती नोकराची मालमत्ता आहे. त्याच वर्षी डिसेंबरात सव्विसावी घटनादुरुस्ती झाली आणि राजेरजवाड्यांचे तनखे बंद झाले. वडोदऱ्याच्या प्रतापसिंहरावांसाठी विलीनीकरणाच्या वेळी साडेसव्वीस लाखांचा तनखा ठरला होता. एकाच वर्षात महाराजांची नेमणूक संपली आणि त्यांच्या कारकुनाची पेन्शन पक्की झाली.

पुढचा मोठा टप्पा १७ डिसेंबर १९८२. संरक्षण खात्यातून १९७२ मध्ये निवृत्त झालेले अधिकारी डी. एस. नकारा यांचा खटला. केंद्राने १९७९ मध्ये पेन्शनचं सूत्र सुधारलं. आधी शेवटच्या छत्तीस महिन्यांच्या पगाराची सरासरी धरत, आता दहा महिन्यांची धरायची, म्हणजे पेन्शन वाढली. पण फायदा फक्त ३१ मार्च १९७९ ला किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांना. एक दिवस आधी घरी बसलेला जन्मभर कमी घेणार! न्यायालयाने ही तारखेची भिंत पाडली. पेन्शन मालकाच्या लहरीवर नसते, ती केलेल्या कामाचं मागे राखून ठेवलेलं वेतन आहे, आणि म्हातारपणी सन्मानाने जगता यावं यासाठी आहे, असा त्या निकालाचा आशय. पाच न्यायमूर्तींत सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड आणि न्या. तुळजापूरकर ही दोन मराठी नावं होती, आणि निकाल लिहिला न्या. डी. ए. देसाई यांनी, जे आधी आपल्या गुजरात उच्च न्यायालयात होते. निवृत्त मंडळी १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळतात तो यामुळे.

आता त्या विधवेकडे. सभासदाच्या बखरीतलं निम्मं वेतन १६५९ चं. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी कुटुंब पेन्शनची आजच्या स्वरूपाची योजना आली १ जानेवारी १९६४ ला, म्हणजे तीनशे पाच वर्षांनी. तीही त्याआधी निवृत्त झालेल्यांच्या बायकांना लागू नव्हती. त्यांना ती मिळण्यासाठी १९८५ पर्यंत, पूनामल यांच्या खटल्यापर्यंत, थांबावं लागलं. तोवर त्यांतल्या किती जणी मुलाच्या दारात ओशाळवाण्या होऊन राहिल्या असतील! आपल्या घरांतल्या आज्यांचा स्वभाव एवढा काटकसरी का, याचं निम्मं कारण इथे असावं.

जखमी सैनिकाची गोष्टही अशीच लांबली. महाराजांनी जखम पाहून होन दिले, आता मेडिकल बोर्ड टक्के लावतं. वाद व्हायचा तो जखम किंवा आजार नोकरीमुळे झाला की नाही यावर. २०१३ मध्ये धरमवीर सिंग या निवृत्त शिपायाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीत जडला असंच धरायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करणं सरकारचं काम. प्रश्न होता २० टक्के अपंगत्वाचा. नऊ वर्षं नोकरी करून घरी पाठवलेल्या माणसाला त्यासाठी दिल्ली गाठावी लागली.

आपल्या राज्यात १९६० नंतरही बराच काळ मुंबईचेच १९५९ चे नियम चालले, २००२ मध्ये गुजरातचे स्वतःचे पेन्शन नियम आले. आणि तीनच वर्षांत नव्याने लागणाऱ्यांसाठी ते बंदही झाले. १ एप्रिल २००५ पासून रुजू होणाऱ्यांना नवी योजना. पगारातून दहा टक्के कापायचे, सरकारने आपला वाटा घालायचा, पैसा बाजारात गुंतवायचा, आणि शेवटी जे जमेल त्यातून वर्षासन विकत घ्यायचं. आमच्या कचेरीत एकाच टेबलाच्या दोन बाजूंना दोन तऱ्हेचे कर्मचारी बसतात. समोरच्याला निवृत्तीनंतर किती मिळणार ते तो तोंडी सांगतो, मी २००५ नंतरचा असल्याने मला मोबाइलमध्ये त्या दिवसाचा भाव पाहावा लागतो. नकारांच्या निकालाने तारखेची भिंत पाडली खरी, पण ती एकाच योजनेतल्या पेन्शनरांमधली. दोन योजनांमधली भिंत उभीच आहे. फौजेतही २०२२ पासून अग्निवीर चार वर्षांसाठी घेतात. त्यातले चौथा हिस्सा कायम होतात, बाकीच्यांना पेन्शन नाही. नोकरीत अपंगत्व आलं तर शंभर टक्क्यांना ४४ लाख, ७५ टक्क्यांना २५ लाख, ५० टक्क्यांना १५ लाख, एकदाच. पुन्हा ‘जखम पाहून’ रोख रक्कम. होनांचे लाख झाले.

जाता जाता एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर, ट्रंकेत गायकवाडी हुकूम, नेमणुकीची पत्रं, पेन्शनची पुस्तकं अजून पडली आहेत. गणपतीत सगळी भावंडं जमतात तेव्हा ती एकदा बाहेर काढावीत. त्यांचं लॅमिनेशन करू नये, कागद आतून जळतो. मोडी वाचणारे आपल्या समाजात अजून आहेत, त्यांना दाखवावीत, आणि कोठीच्या परिसरातल्या सरकारी अभिलेखागारात त्या घराण्याची दुसरी बाजू सापडते का तेही पाहावं. फाळक्यांचे एकवीस रुपये आठ आणे वाचले ते दरबारचं लेखी सापडलं म्हणून.