कारखान्याची शाळा कॉलेजच्या माथी

इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीधराला काही येत नाही, कारण अभ्यासक्रम जुनाट आहे. तेव्हा उद्योग सांगेल तेच कॉलेजांनी शिकवावं. कुलगुरूंच्या भाषणांपासून मुलासाठी कॉलेज शोधणाऱ्या दुर्गच्या बोरसीतल्या पालकांपर्यंत हे मत आता रूढ झालं आहे. उपायही ठरलेला असतो: सामंजस्य करार, फोटो, बातमी. नॅकच्या मूल्यांकनात करारांची संख्या मोजली जात आल्यामुळे हा उत्साह थोडा जास्तच वाढला.

पूर्वपक्षात तथ्य नाही असं नाही. प्रयोगशाळेतली उपकरणं जुनी असतात आणि चिपचा कारखाना अनेक प्राध्यापकांनीही पाहिलेला नसतो. डिझाइनची सॉफ्टवेअर इतकी महाग की साध्या कॉलेजने त्यांचं नाव घेऊ नये. अशा ठिकाणी बाहेरची मदत हवीच. ‘चिप्स टू स्टार्टअप’ योजनेत बंगळुरूच्या सी-डॅकमधल्या चिपइन केंद्रातून ही साधनं दूरच्या कॉलेजांना वापरता येतात. विद्यार्थ्यांनी आखलेल्या चिप मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने घडवूनही मिळतात. कॉलेजला जे विकत घेता येत नाही ते इथे मिळतं, म्हणून या भागीदारीला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो पुढच्या मागणीला: पहिल्या दिवसापासून कामाला लागेल असा तयार माणूस विद्यापीठाने द्यावा.

ही मागणी किती नवी आहे ते भिलाईतच कळतं. सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला २ फेब्रुवारी १९५५ला. रायपूरच्या खाण व धातुशास्त्र महाविद्यालयाची पायाभरणी १९५६ची. ४ फेब्रुवारी १९५९ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हा त्या महाविद्यालयातून एकही पदवीधर बाहेर पडला नव्हता. दुर्गचं बीआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय तर १९८६चं. मग भट्टी चालवली कोणी? भौतिकी, विद्युत, यंत्रशास्त्र शिकून आलेल्या तरुणांनी. त्यांना भट्टीचं काम कारखान्याने शिकवलं: शेकडो जणांना सोव्हिएत कारखान्यांत पाठवून आणि इथे रशियन तंत्रज्ञांच्या शेजारी उभं करून. तो खर्च प्रकल्पाचा होता. ‘भट्टीसाठी तयार’ अभियंते द्या, असं कोणत्याही विद्यापीठाला कोणी बजावलं नव्हतं.

त्याच सुमारास, १९५८ साली, त्याच सोव्हिएत संघाच्या मदतीने पवईची आयआयटी उभी राहत होती. युनेस्कोमार्फत तिथे तज्ज्ञ आणि उपकरणं आली. देणारा देश एकच. पण पवईत शास्त्र शिकवायचं आणि भिलाईत काम शिकवायचं, याबद्दल त्याच्या मनात गोंधळ नव्हता.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये तर हा भेद पाळणं अधिकच गरजेचं आहे. कारखान्यांत रिलेच्या कपाटांच्या जागी पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमने चालणारे नियंत्रक, आले आणि पीएलसीच्याही पिढ्या बदलल्या. एका कंपनीच्या सांगण्यावरून तिच्याच पीएलसीवर चार वर्षं घालवलेल्या मुलाचं ज्ञान त्या मॉडेलबरोबर निवृत्त होतं. भिलाईत आता १३० मीटर लांबीचे रूळ निघतात आणि त्यांच्या पोटातले दोष अल्ट्रासॉनिक लहरींनी शोधतात. परत आलेला प्रतिध्वनी भेगेचा की नुसता गोंगाट, हे ठरवायला फूरिएचं गणित, नमुना घेण्याचा सिद्धांत आणि संभाव्यता लागते. यंत्राची बटणं महिन्याभरात शिकता येतात. फूरिए रात्रपाळीत कोणी शिकवत नाही.

मग भागीदारी करूच नये? करावी, पण जिथे कंपनीच्या खिशाला हात लागतो ती. १९०६ साली सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी २७ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला: आळीपाळीने वर्ग आणि कारखाना, आणि कारखान्यात मजुरी. जर्मनीत १९७४पासून श्टुटगार्टच्या पद्धतीत विद्यार्थ्याचा करार आधी कंपनीशी होतो आणि शिकतानाही पगार मिळतो. आपल्याकडे १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. १९७३च्या दुरुस्तीने पदवी-पदविकाधारक अभियंते त्यात आले. २०१९च्या नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे. छत्तीसगड आणि महाराष्ट्र दोन्ही मुंबईच्या एकाच प्रशिक्षण मंडळाखाली येतात, म्हणजे बोरसीच्या आणि नागपूरच्या मुलाची सोय एकाच दारी. इतकी जुनी तरतूद हाताशी असताना नव्या करारांचे समारंभ कशाला, हे मला उमगत नाही.

तेव्हा करार करायचाच तर त्यात वेतन किती, किती महिने, कोणत्या विभागात आणि कोणत्या अभियंत्याच्या हाताखाली, एवढं लिहिलेलं असावं. नसेल तर प्राचार्यांनी सही करू नये.

यावर कंपन्यांचं ठरलेलं उत्तर असतं: आम्ही शिकवायचं आणि मुलगा दुसरीकडे जायचा. जाईल. भिलाईत घडलेले अभियंतेही पुढे बोकारोच्या पोलाद कारखान्यात गेले आणि भिलाईच्या भट्ट्या चालूच राहिल्या. गळतीची एवढीच धास्ती असेल, तर शिकाऊ काळ संपल्यावर देऊ केलेल्या पगाराकडे त्या कंपनीने एकदा बघावं.